खांदेदुखी पुन्हा पुन्हा का उलटते आणि घरी नेमके काय करावे

माझा उजवा खांदा गेल्या दोन वर्षांत चार वेळा दुखावला. चारही वेळा जागा तीच होती: दंडाच्या बाहेरच्या अंगाला, ब्लाऊजची बाही जिथे संपते त्याच्या थोडे वर. स्वस्थ बसले की फारसे काही जाणवत नसे; परंतु वरच्या फळीवरचा डबा काढताना, पदर सावरताना किंवा हात मागे नेताना अशी कळ येई की हात आपोआप खाली पडे, आणि रात्री उजव्या कुशीवर वळताच जाग येई. दर वेळी मी तेच केले. मलम चोळले, गरम पाण्याच्या पिशवीने शेकले, चार दिवस गोळ्या घेतल्या, जड कामे घरातल्या इतरांनी उचलली आणि बहुतेक वेळा साधारण तीन आठवड्यांत दुखणे निवले. निवले म्हणून मीही ते विसरले. काही महिन्यांनी ते परत हजर झाले.

चौथ्या खेपेला नवी मुंबईत, घणसोलीतल्या घराजवळच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. खांदा तपासून झाल्यावर त्यांनी विचारले, "ताई, मागच्या वेळी दुखायचं थांबल्यावर व्यायाम किती दिवस केलात?" मी एकही दिवस केला नव्हता. दुखत असताना थोडे हात फिरवले होते आणि दुखायचे थांबल्यावर तेही सोडले होते. दुखणे आणि खांद्यातला अशक्तपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली तीन आठवड्यांत जाते आणि दुसरी जायला तीन महिने लागतात, हे मला कोणी आधी सांगितले असते तर दोन पावसाळे आणि दोन दिवाळ्या वाचल्या असत्या. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घरचा उपाय सुरू करण्यापूर्वी

हातात किंवा खांद्यात जाणवणारे प्रत्येक दुखणे तिथलेच असते असे नाही. स्थानकाचा पूल चढताना डावा हात, खांदा किंवा जबडा भरून येत असेल आणि वर पोहोचून पाच मिनिटे उभे राहिल्यावर ते थांबत असेल, तर ते हृदयाचे दुखणे असण्याची शक्यता आधी धरावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. खांद्याचे दुखणे सहसा हाताच्या विशिष्ट हालचालीने वाढते. हृदयाचे दुखणे श्रमाने वाढते आणि हात कसाही ठेवला तरी त्यात फरक पडत नाही. ही खूण उपयोगी आहे, परंतु तिच्यावर विसंबून घरी थांबू नये. छातीत दडपण, गार घाम, धाप किंवा मळमळ यांपैकी काहीही सोबत असेल तर मलम शोधत बसू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह असलेल्यांना छातीत फारसे न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, त्यामुळे त्यांनी अधिकच सावध असावे.

पडल्यानंतर खांद्याचा आकार बदललेला दिसणे. साठीनंतर पडल्यामुळे हात अचानक उचलता न येणे. सांधा लाल व गरम होऊन ताप येणे. संपूर्ण हात सुजणे किंवा निळसर पडणे. हातातून कप निसटू लागणे. दोन्ही हातांना मुंग्या येऊन चालताना तोल जाणे. कोणत्याही स्थितीत न थांबणारे दुखणे आणि सोबत वजन घटणे: यांपैकी एकही गोष्ट असेल तर पुढे लिहिलेले उपाय आपल्यासाठी नाहीत. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय येथे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवण्याची सोय असते, त्यामुळे खर्चाच्या धास्तीने थांबून राहण्याचे कारण नाही.

दुखणे मानेचे, जखडलेल्या खांद्याचे की कंडरेचे?

हा भेद ओळखणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण तिन्ही दुखण्यांत माणूस "खांदा धरलाय" असेच म्हणतो आणि तिन्हींवर तेच मलम चोळतो. (कंडरा म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी पट्टी.) घरी आरशासमोर उभे राहून पाच मिनिटांत बराचसा अंदाज येतो.

पहिली पारख मानेची. मान हळूच मागे आणि दुखऱ्या बाजूला कलवून पाहावी. तसे केल्यावर कळ खांद्यातून कोपराच्या खाली उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा जाणवत असेल, तर मूळ दुखणे मानेतून निघणाऱ्या नसेचे असण्याचा संभव जास्त असतो. मुंग्या अंगठ्याकडे, मधल्या बोटाकडे की करंगळीकडे जातात ते नोंदवून ठेवावे, कारण त्यावरून डॉक्टरांना कोणती नस दबली आहे याचा अंदाज येतो. आणखी एक खूण म्हणजे तळहात डोक्यावर ठेवल्यावर बरे वाटते. खांद्याची कंडरा दुखावलेल्या माणसाला मात्र हात तिथपर्यंत नेणेच नकोसे होते. ऐरोली किंवा महापेच्या कार्यालयांत दिवसभर लॅपटॉपवर वाकून काम करणाऱ्या अनेकांना "खांदा" म्हणून जे दुखते ते पुष्कळदा मानेकडून आलेले असते. अशा वेळी खांद्याचे व्यायाम करून हाती काही लागत नाही. पडदा डोळ्यांच्या पातळीला आणणे, दर अर्ध्या तासाने उठणे आणि मानेचे उपचार घेणे हा मार्ग आहे.

दुसरी पारख जखडलेल्या खांद्याची, ज्याला फ्रोजन शोल्डर म्हणतात. दोन्ही कोपर बरगड्यांना टेकवून काटकोनात वाकवावेत आणि कपाटाची दोन दारे उघडावीत तसे दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला न्यावेत. एक हात बाहेर जातो आणि दुसरा मध्येच अडतो, घरातल्या कोणी हलक्या हाताने सरकवून पाहिला तरी भिंतीला लागल्यासारखा थांबतो, असे झाले तर सांध्याभोवतीचे आवरण आकसले आहे असे समजावे आणि डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. हा विकार साधारणपणे ४० ते ६० या वयात दिसतो, स्त्रियांत अधिक दिसतो आणि मधुमेह असलेल्यांत तर बराच जास्त आढळतो. थायरॉइडच्या विकारातही त्याचे प्रमाण वाढते.

येथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगणे भाग आहे. नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या नणंदेचा डावा खांदा त्याच सुमारास दुखू लागला आणि मी माझे व्यायाम तिला जसेच्या तसे शिकवले. तिला बरीच वर्षे मधुमेह आहे. पंधरा दिवस ती दात-ओठ खाऊन रबरी पट्टी ओढत होती आणि रात्रीचा ठणका वाढतच होता. शेवटी कळले की तिचा खांदा जखडला होता. जखडलेल्या खांद्याच्या पहिल्या, ठणक्याच्या काळात जोर लावून काही साधत नाही. शेक देऊन हलक्या हाताने, सोसवेल तेवढाच ताण द्यावा लागतो, आणि पूर्ण सुटायला एक ते तीन वर्षेही लागू शकतात. त्या काळात डॉक्टर कधी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवतात. त्याने ठणका कमी होतो, पण मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, म्हणून आधी सांगून ठेवावे. चाळिशीनंतर कोणतीही पडझड न होता खांदा जखडला असेल तर एकदा एचबीए१सी ही रक्तातील साखरेची तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे.

तिसरी पारख माझ्यासारख्या दुखण्याची. हात बाजूने हळूहळू वर उचलत जावे. सुरुवातीला काही नाही, मग साधारण ६० अंशांपासून १२० अंशांपर्यंत कळ, आणि त्याच्या वर हात गेला की पुन्हा सुटल्यासारखे वाटते. शिवाय दुसऱ्याने हात उचलून दिला तर तो बहुतेक पूर्ण वर जातो. हे कंडरेचे दुखणे. खांद्याची खोबण फार उथळ असते, म्हणून चार स्नायू दंडाच्या हाडाच्या गोळ्याला चहूबाजूंनी धरून त्याला खोबणीत मधोमध ठेवतात. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यांतल्या वरच्या स्नायूची कंडरा खांद्याच्या टोकाच्या हाडाखालच्या अरुंद जागेतून जाते. स्नायू अशक्त झाले की त्यांना झेपेल त्याहून जास्त भार या कंडरेवर पडतो, ती चिडते, आणि दुखते म्हणून आपण हात वापरत नाही, त्यामुळे स्नायू आणखी अशक्त होतात. दुखणे उलटण्याचे मर्म या चक्रात आहे.

पहिले दहा दिवस

दुखणे ताजे असेल, किंवा एखाद्या कामानंतर एकदम उसळले असेल, तर पहिले दोन दिवस बर्फ बरा. बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटे ठेवावा, थेट त्वचेवर ठेवू नये. जुन्या, आखडल्यासारख्या दुखण्याला शेक मानवतो. दोन्हींपैकी ज्याने बरे वाटते ते करावे. या बाबतीत वाद घालत बसण्यासारखे काही नाही, कारण दोन्ही उपाय आराम देण्यापुरते आहेत. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी असेल तर पिशवीचे पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याला पाहायला सांगावे, भाजल्याचे लक्षात येत नाही.

झोपेची सोय मात्र पहिल्या रात्रीपासूनच करावी, कारण झोप मोडली की दुखणे दुप्पट वाटते. दुखऱ्या कुशीवर झोपू नये. चांगल्या कुशीवर झोपून छातीशी एक जाड उशी घ्यावी आणि दुखरा हात तिच्यावर असा ठेवावा की तो पुढे लोंबकळणार नाही. उताणे झोपायचे असेल तर कोपराखाली घडी केलेली चादर ठेवावी, म्हणजे खांदा मागे पडत नाही. मला या चादरीच्या घडीने जेवढा आराम दिला तेवढा कोणत्याही मलमाने दिला नाही.

वेदनाशामक म्हणून प्रौढांनी पॅरासिटामॉल थोडे दिवस घेण्यास सहसा हरकत नसते. परंतु पाकिटावर लिहिलेल्या मात्रेपलीकडे जाऊ नये, सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा तेच औषध असते हे विसरू नये, आणि यकृताचा त्रास असेल तर आधी विचारावे. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दुकानातून मागून घेऊन आठवडे न् आठवडे खाण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती खरोखर घातक आहे: मूत्रपिंडाचा विकार, पोटात व्रण, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. पावसाळ्यात ठाण्या-नवी मुंबईत डेंग्यू असतोच, आणि डेंग्यूतही अंग, सांधे फार दुखतात. ताप असेल तर या गोळ्या टाळाव्यात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हात गळ्यात बांधून ठेवू नये. हाड मोडलेले नसताना चार-आठ दिवस झोळीत ठेवलेला खांदा आखडतो. त्याऐवजी दिवसातून दोन-तीन वेळा लंबकाचा व्यायाम करावा: चांगला हात ओट्यावर टेकवून कमरेतून पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडून द्यावा आणि अंगाच्या हेलकाव्याने त्याला एक-दोन मिनिटे पुढे-मागे व गोल झुलू द्यावे. हात आपण हलवायचा नाही, तो हलू द्यायचा. भिंतीवर बोटांनी चढत हात सोसेल तेवढा वर नेणे हा दुसरा सोपा व्यायाम.

आणि ओढाताण कोणाकडूनही करून घेऊ नये. तिसऱ्या खेपेला मी ओळखीतून एका मालिश करणाऱ्या गृहस्थांकडे गेले होते. त्यांनी आधी तेलाने छान चोळले आणि मग हात धरून एकदम हिसका दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला वेणी घालता येईना, आणि तो हात पूर्ववत व्हायला दीड महिना गेला. हलके चोळून घेण्यास हरकत नाही. पण हिसका देऊन खांद्याची कोणतीही गोष्ट "बसत" नाही, दुखावलेली कंडरा मात्र आणखी दुखावते.

दुखायचे थांबल्यानंतरचे तीन महिने

आपल्यापैकी बहुतेक जण जिथे थांबतात तिथे खरे काम सुरू होते. ठणका ओसरला, रात्रीची झोप परत आली, की स्नायूंना पुन्हा बळ देण्याचे व्यायाम सुरू करावेत आणि ते किमान १२ आठवडे करावेत. कंडरेची भार सोसण्याची ताकद हळूहळू वाढते, तिला घाई चालत नाही.

पहिली पायरी दाराच्या चौकटीपाशी. उजवा खांदा दुखत असेल तर चौकट उजव्या हाताला येईल असे उभे राहावे. कोपर काटकोनात वाकवून बरगडीशी ठेवावा आणि दोहोंच्या मध्ये नॅपकिनची गुंडाळी धरावी. ही गुंडाळी महत्त्वाची आहे, कारण ती खाली पडली म्हणजे आपला कोपर बाजूला सरकला आणि काम भलताच स्नायू करतो आहे असे लगेच कळते. आता पंजाची मागची बाजू चौकटीला टेकवून, हात जागचा न हलवता, बाहेरच्या दिशेने निम्म्या जोराने दाबावे. पाच ते दहा सेकंद दाब धरावा आणि सोडावा. असे दहा वेळा, रोज. पहिल्या आठवड्यात माझी ती गुंडाळी दर तिसऱ्या दाबाला पडत होती.

साधारण दोन आठवड्यांनी दुसरी पायरी. चांगल्या कुशीवर आडवे व्हावे, वरच्या हाताचा कोपर त्याच गुंडाळीवर टेकवावा, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्यावी आणि पंजा पोटापासून छताच्या दिशेने उचलावा. खाली आणताना मनात तीन आकडे मोजत सावकाश आणावा, कारण बळ येते ते या खाली आणण्यात. सुरुवातीला बाटलीत चतुर्थांशच पाणी ठेवावे. दहा वेळा उचलून थोडे थांबावे आणि असे तीन फेरे, एक दिवसाआड. दहा वेळा सहज जमू लागले की पाणी वाढवावे. स्वयंपाकघरातल्या बाटलीइतके सोयीचे वजन दुसरे नाही, घोटाघोटाने वाढवता येते. मी अर्धी बाटली भरेपर्यंत चार आठवडे घेतले, पूर्ण भरेपर्यंत नऊ. याच्या जोडीला दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे ओढून पाच सेकंद धरणे, आणि शेवटच्या महिन्यात अंगठा वर ठेवून हात किंचित पुढच्या बाजूने खांद्याच्या पातळीपर्यंत उचलणे, एवढे पुरते.

व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरून सोडू नये. शून्य ते दहा अशा मोजणीत चारपर्यंतचे दुखणे, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरणारे, चालते. सकाळीही ठणका उरला असेल तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला; पाणी कमी करावे, व्यायाम बंद करू नये.

माझ्या खांद्याला कोण दुखावत होते?

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला मागची चारही दुखणी कोणत्या महिन्यात झाली ते लिहायला सांगितले. जुलै, ऑक्टोबर, पुन्हा जुलै, पुन्हा ऑक्टोबर. मी पावसाळी दमट हवेला दोष देत आले होते. त्यांनी विचारले की जुलैत तुम्ही असे काय करता जे मे महिन्यात करत नाही. तेव्हा ध्यानात आले. एरवी आमचे कपडे खिडकीबाहेरच्या जाळीत वाळतात. पावसात ते आतल्या खोलीत, छताला लावलेल्या आणि दोरीने वर-खाली होणाऱ्या दांड्यांवर जातात. भिजलेल्या चादरींनी भरलेली दांडी मी दोरी डोक्यावरून धरून एका हाताने वर ओढत होते, रोज दोनदा. शिवाय घणसोली ते ठाणे गाडीत वरची कडी धरून उभे राहणे, त्याच खांद्याला पर्स आणि डबा, आणि उतरल्यावर त्याच हातात छत्री. ऑक्टोबरात दिवाळीची सफाई: माळा, पंखे, जळमटे, पडदे. वर्षभर विश्रांती घेतलेल्या अशक्त खांद्याला आम्ही दोन महिने एकदम डोक्याच्या वरचे काम देत होतो.

यावरचे बदल साधे होते. दांडी खाली घेऊन कपडे घालायचे, थोडे थोडे घालायचे आणि दोरी दोन्ही हातांनी छातीपाशी ओढायची. गाडीत कडीऐवजी खांद्याच्या खाली येणारा दांडा किंवा आसनाची कड धरायची. जांभळी नाक्याहून भाजी आणताना एकाच हातात सगळे न घेता दोन पिशव्या करायच्या किंवा चाकांची पिशवी न्यायची. रोजचे डबे छातीच्या उंचीच्या फळीवर आणायचे. पंखे पुसायला उंच स्टूल घ्यायचे, म्हणजे हात डोक्याच्या वर ताणावा लागत नाही, आणि एका दिवशी एकच खोली काढायची. हे बदल कायमचे असावेत असेही नाही. खांदा बळकट झाल्यावर वरची कडी पुन्हा धरता येते, आणि धरावीही.

सहा आठवडे नीट व्यायाम करूनही काहीच फरक नसेल तर डॉक्टरांकडे जावे. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते, कंडरा दिसत नाही. तिच्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा लागतो. त्या अहवालात कंडरा थोडी फाटली असल्याचे लिहून आले तरी लगेच शस्त्रक्रियेची धास्ती घेऊ नये. वय वाढते तशी अशी झीज काहीही न दुखणाऱ्या माणसांतही पुष्कळ आढळते, आणि हळूहळू झालेल्या झिजेत बहुधा आधी व्यायामच सांगितला जातो. पडल्यामुळे एकदम फाटलेल्या कंडरेची गोष्ट निराळी, तिथे वेळ दवडू नये.

माझा सध्या सोळावा आठवडा चालू आहे. मागच्या सोमवारी गर्दीत हात वर अडकून राहिला आणि संध्याकाळी त्याच जागी जुनी कळ उमटली. यावेळी मी बाटलीतले पाणी अर्ध्यावर आणले, दोन दिवस कोपराखाली चादरीची घडी घेऊन झोपले आणि चौकटीपाशी नॅपकिनची गुंडाळी धरून पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. गुरुवारी पाणी पुन्हा काठापर्यंत भरले.